पार्सल ऑफिसातले महापुरुष

आमच्या उज्जैनमधल्या एका चौराह्यावर पन्नासहून जास्त वर्षं एका महापुरुषाचा अर्धपुतळा उभा होता. तो मी केला होता, आणि तो त्या महापुरुषाचा नव्हता. तो रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकुनी करणाऱ्या वामनरावांचा होता. हे मला ठाऊक होतं, माझ्या सासऱ्यांना ठाऊक होतं आणि खुद्द वामनरावांना ठाऊक होतं. बाकी मंत्री आले, हेडमास्तर आले, बँडवाले आले, सगळ्यांनी वामनरावांना हार घातले आणि भलत्याच माणसाचा जयजयकार करून घरी गेले.

महापुरुष कोण, ते लिहीत नाही. देश ज्यांनी उभा केला म्हणून आपल्याला शाळेत पाठ करायला लावतात, त्यांतले एक. नाव लिहिलं तर अर्धे वाचक इथेच पान उलटतील आणि उरलेले अर्धे संपादकांना पत्र लिहितील. दोघांचीही दिवाळी कशाला बिघडवा.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. इंदूरहून मूर्तिकलेचा डिप्लोमा घेऊन आलेली, आणि फ्रीगंजमध्ये टावर चौकाच्या मागे ज्यांचा मूर्तींचा कारखाना होता त्या आप्पांची सून. केसांत पेन्सिल खोचून फिरायची मी. कलावंत अशाच फिरतात अशी माझी समजूत होती. त्या पेन्सिलीचा उपयोग मी डोकं खाजवण्याखेरीज कशासाठी केल्याचं आठवत नाही. आप्पा करायचे तो धंदा आणि मी करायची ती साधना, असं मी एकदा जेवताना बोलूनही दाखवलं होतं. आप्पा म्हणाले, "साधनेला वरण वाढ."

आता हा धंदा कसा चालतो ते सांगते, म्हणजे माझा गाढवपणा नीट कळेल. पुतळा आधी मातीत करतात. सळयांचा सांगाडा उभा करायचा, त्यावर माती थापायची, ओल्या फडक्यानं झाकत झाकत चेहरा काढायचा. मग त्यावर प्लास्टरचा साचा, आणि साच्यात सिमेंट किंवा धातू, जशी समितीची ऐपत. अडचण अशी की चेहरा चारी बाजूंनी करावा लागतो आणि महापुरुषांचे फोटो एकाच बाजूचे असतात. कॅलेंडरवर ते समोर बघत असतात, कारण त्यांना देशाचं भविष्य दिसत असतं. त्यांचे कान कसे होते, मान मागून कशी होती, डोक्याचा मागचा भाग चपटा की गोल, हे कुठल्याही कॅलेंडरात नसतं. म्हणून आमच्यात पद्धत आहे: त्याच चणीचा एक जिवंत माणूस शोधायचा, त्याला स्टुलावर बसवायचं आणि कान-मान त्याच्याकडून उसनं घ्यायचं. देशभर उभ्या असलेल्या थोर लोकांना कुणाकुणाचे कान आहेत हे जर बाहेर आलं, तर फार घोटाळा होईल.

आप्पांनी वामनरावांना शोधून आणलं. आमच्याच गल्लीत राहायचे. सडपातळ बांधा, उंच कपाळ, मान किंचित पुढे आलेली. तीस वर्षं वजनकाट्याकडे वाकून बघणाऱ्या माणसाची मान. आप्पांना एका लग्नासाठी नाशिकला जायचं होतं. निघताना म्हणाले, "सूनबाई, कान घे, मान घे. तोंडाला हात लावू नकोस. तोंड फोटोवरून."

फोटो भिंतीवर टाचलेला होता. वामनराव स्टुलावर बसलेले होते. फोटो बोलत नव्हता. वामनराव बोलत होते. कुठल्या सेठाचे आंब्याचे टोकरे आले, त्यातून मुंगूस कसं निघालं, एका म्हातारीनं स्वतःच्या मुलाला परगावी पार्सलनं पाठवता येईल का म्हणून कशी चौकशी केली. ते हसले की डोळ्यांच्या कडेला तीन सुरकुत्या पडायच्या, आणि त्या पकडायला माझी बोटं आपोआप मातीत जायची. मी अकरा दिवस साधना केली. बाराव्या दिवशी आप्पा परत आले तेव्हा साचा भरून झाला होता, सिमेंट वाळत होतं, आणि दुसऱ्या दिवशी अनावरण होतं.

आप्पांनी पिशवी खाली ठेवली. पुतळ्याला एक फेरी मारली. मग म्हणाले, "हे वामनराव आहेत."

"नाही आप्पा," मी म्हणाले, "मी महापुरुषांचं अंतर्मन पकडलंय."

"अंतर्मन पार्सल ऑफिसात सापडलं का?"

रात्रीत दुसरा पुतळा होत नसतो. आप्पांनी त्याला ब्राँझचा रंग फासला, भुवया जरा जाड केल्या आणि देवाला नारळ बोलले. दुसऱ्या दिवशी मंत्रीजी आले. त्यांनी दोर ओढला, पडदा खाली आला. हे मंत्रीजी महापुरुषांबरोबर तुरुंगात होते असं ते स्वतः प्रत्येक भाषणात सांगायचे. त्यांनी मान वर करून पुष्कळ वेळ बघितलं. डोळे पुसले. माईकवर म्हणाले, "बिल्कुल ऐसे ही थे."

त्या दिवसापासून माझा देशभक्तांवरचा विश्वास उडाला आणि स्वतःच्या कलेवरचा, दुर्दैवानं, वाढला.

वामनराव गर्दीत शेवटी उभे होते. सायकल हातात धरून. दुसऱ्या दिवशी कारखान्यात आले आणि म्हणाले, "सूनबाई, मला जरा जास्तच गंभीर केलंत." बस, एवढंच. मी माफी मागायला हवी होती. मी त्यांना चेहऱ्यावरच्या छायाप्रकाशाबद्दल सांगत बसले. पुढे ते ऑफिसला लांबच्या रस्त्यानं जायला लागले. त्यांची मुलगी कुमुद तेव्हा नऊ वर्षांची होती, ती मला सांगायची, "वहिनी, बाबा म्हणतात स्वतःला हार घातलेला बघून माणसानं सायकल कशी चालवायची."

चुकीचं फळ गोड निघालं, हे तर आणखी वाईट. मंत्रीजींनी शिक्का मारल्यावर आजूबाजूच्या शाळा, पंचायती, वाचनालयं यांना तोच चेहरा हवा झाला. साचा तयार होताच. रामघाटावरचे पंडे जशी घराण्यांची नावं वहीत जपतात, तसे आम्ही साचे फळीवर जपायचो. त्या एका साच्यातून वामनराव पार तहसिलीच्या गावांपर्यंत पोचले. शाळांच्या भिंती रंगवणाऱ्यांनी त्यांच्यावरून चित्रं काढली. पुढे पुढे आमच्या भागात महापुरुष म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर वामनरावच यायचे, फक्त सायकल सोडून.

माझं नाव झालं. पेन्सिल गेली, चष्मा आला. या धंद्यातून मी देशाचा इतिहास जसा शिकले तसा कुठल्या प्रोफेसरला येत नसेल, कारण कुठल्या महापुरुषाला कधी मागणी येते ते मी बघितलं. महापुरुष मोठे का लहान हे पुस्तकं ठरवत नाहीत, ऑर्डर ठरवते. एका सालात सगळ्यांना एकच महापुरुष हवे, दुसऱ्या सालात त्यांचा साचा माळ्यावर, आणि ज्यांच्यावर कबुतरं बसत होती त्यांना खाली उतरवून आम्ही धूळ झटकतोय. एक हेडमास्तर तर शाळेतला पुतळा हातगाडीवर घालून परत घेऊन आले. "मैडम, इसके बदले में वो दूसरे वाले दे दीजिए. ऊपर से कहा है."

मी म्हटलं, "गुरुजी, साड़ी है क्या, कि रंग पसंद नहीं आया?"

ते बिचारे इकडे तिकडे बघून म्हणाले, "साड़ी होती तो मैडम, घरवाली बदल के ले आती. ये तो सरकार है."

समित्यांचं म्हणाल तर सगळ्या सारख्या. छाती थोडी वाढवा. हसू काढून टाका, मोठी माणसं हसत नाहीत. बोट वर हवं, पण समोरच्या मिठाईच्या दुकानाकडे नको, लोक चेष्टा करतात. आणि खरं सांगायचं तर उभ्या पुतळ्यांना आमच्याकडे धड एकच असायचं. डोकं वेगळं, हातातली वस्तू वेगळी. आयुष्यभर एकमेकांचं तोंड न पाहिलेले दोन महापुरुष माझ्याकडे एकाच पोटावर उभे होते, आणि दोघांनाही ते छान शोभत होतं.

टीव्हीवर बघते, दुसऱ्या देशांत लोकांचं मत बदललं की पुतळ्याच्या गळ्यात दोर घालून ओढतात. आपल्याकडे तसं करत नाहीत. आपण सभ्य आहोत. आपण रस्ता रुंद करतो.

सिंहस्थासाठी शहरातले रस्ते मोठे व्हायला लागले, तेव्हा आमच्या चौराह्याचाही नंबर लागला. पण रस्त्याच्या आधी हवा बदलली होती. महापुरुषांनी देशाचं भलं केलं की वाटोळं, यावर गावात दोन तट पडले. मी त्यांना जयवाले आणि हायहायवाले म्हणते. जयवाले जयंतीला हार घेऊन यायचे, हायहायवाले पुण्यतिथीला काळे झेंडे. महापुरुषांनी काय केलं ते दोघांनीही वाचलं नव्हतं, त्यामुळे वाद मिटायचं काही कारण नव्हतं. पूर्वीही एका आंदोलनात पुतळ्यावर दगड पडून नाक फुटलं होतं. वामनराव तेव्हा हयात होते. मी दुरुस्तीला बोलावल्यावर निमूटपणे येऊन स्टुलावर बसले. म्हणाले, "मी कुणाच्या अध्यात ना मध्यात, सूनबाई. पण नाक नीट बसवा, सर्दीचा त्रास आहे मला." मी हसले. वर्षभरात ते गेले.

या खेपेला दगड नव्हता, काळी शाई होती. चेहऱ्यावर, डोळ्यांत, मानेपर्यंत. वर्तमानपत्रात फोटो आला. त्याच दिवशी दुपारी कुमुद माझ्याकडे नानाखेड्याला आली. साठी उलटलेली, शाळेतून रिटायर झालेली, गुडघे धरून तीन जिने चढलेली. हाताची बोटं काळी होती. थिनरची बाटली आणि फडकं पिशवीत तसंच.

कुमुदबद्दल एक सांगायचं राहिलं. वडील गेल्यापासून दर जयंतीला ती त्या पुतळ्याला हार घालायची. जयवाले तिला महापुरुषांची शेवटची सच्ची भक्त समजायचे. दोनदा शाल दिली होती तिला. महापुरुषांशी तिचा काडीचा संबंध नव्हता. जयंतीला पुतळ्यापाशी शिडी लावलेली असते, म्हणून ती त्या दिवशी जायची.

पाणी पिऊन ती म्हणाली, "पुसलं मी. लोक व्हिडिओ काढत होते. एकजण म्हणाला, आंटीजी, कितने पैसे मिले. मी म्हटलं, मेरे बाप हैं. तर तो म्हणतो, हां हां, राष्ट्र के बाप हैं."

मला हसू आलं. तिला नाही आलं.

"वहिनी, हार त्यांचे होते तोवर मी गप्प बसले. पण शिव्याही त्यांच्याच आणि तोंड माझ्या बाबांचं. बाबांनी कुणाचं काय केलं होतं? आता म्हणतात तिथून काढणार. जयवाल्यांना नवा वीस फुटी हवाय, हा त्यांना नको. हायहायवाल्यांना कुठलाच नको. म्हणजे हा जाणार गोदामात, फुटक्या कचरापेट्यांच्या बाजूला. मला ते घरी हवेत. तुम्ही खरं सांगितलं तरच देतील."

खरं सांगायचं म्हणजे काय, ते मला लगेच कळलं. माझ्या भिंतीवर दोन्ही तटांनी दिलेली मानपत्रं आहेत. 'महापुरुषों को अमर करने वाली शिल्पकार.' नातसून ती पाहुण्यांना दाखवते. म्हातारपणी माझ्याकडे गुडघे नाहीत, दात नाहीत, ही मानपत्रं आहेत. मी कुमुदला म्हटलं, "अगं, आता कोण बघतंय बारकाईनं? बागेत बसवायला सांगू. सावली आहे तिथे."

"बागेत पण शाई फेकता येते," कुमुद म्हणाली. मग पिशवी उचलून म्हणाली, "तुम्ही त्यांना विचारलं होतं का, वहिनी? तोंड घेऊ का म्हणून?"

नव्हतं विचारलं. पन्नास वर्षांत हा प्रश्न मला कुणी केला नव्हता, आणि मी स्वतःलाही केला नव्हता. मी चप्पल शोधायला लागले.

चौराह्याचं काम बघणाऱ्या साहेबांनी बैठक बोलावलीच होती. मूळ शिल्पकार हयात आहे हे कळल्यावर त्यांना माझ्याकडून लेखी हवं होतं, की पुतळा हुबेहूब आहे आणि दुसरीकडे बसवण्याजोगा आहे. टेबलाच्या एका बाजूला जयवाल्यांचे भैयाजी, दुसऱ्या बाजूला हायहायवाल्यांचे वकीलसाहेब, मधे पोह्यांच्या प्लेटा. कुमुद माझ्या शेजारी.

साहेब म्हणाले, "माताजी, बस इतना लिख दीजिए कि मूर्ति उन्हीं की है."

"उनकी नहीं है," मी म्हणाले. "ये इनके पिताजी हैं. रेलवे पार्सल में थे. मैंने गलती से बना दिए."

भैयाजींनी चमचा खाली ठेवला. मग अगदी प्रेमानं म्हणाले, "माताजी, आपकी उम्र हो गई है."

"उम्र अब हुई है. गलती तब की है, जब उम्र नहीं थी."

आप्पांच्या ट्रंकेतून तो कॅलेंडरचा फोटो मी बरोबर आणला होता. तोच, भिंतीवर टाचलेला, ज्याच्याकडे मी अकरा दिवस बघितलं नव्हतं. टेबलावर ठेवला. भैयाजींनी तो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. म्हणाले, "ये फोटो नकली है. हम बचपन से उनको देख रहे हैं. ये वो हैं ही नहीं."

वकीलसाहेबांना आनंद व्हायला हवा होता. पण त्यांचीही पंचाईत झाली. बारा वर्षं ते ज्या चेहऱ्याला शिव्या देत होते तो भलत्याचाच निघत होता. ते म्हणाले, "देखिए, मैं मानता नहीं. इस मूर्ति की आँखें देखिए. चालाकी साफ़ दिखती है. ऐसा आदमी ही देश को धोखा दे सकता है."

कुमुद शाळेत ज्या आवाजात वर्ग शांत करत असेल, त्या आवाजात म्हणाली, "वकीलसाहब, इन आँखों ने तीस साल दूसरों के आम तौले हैं. घर में एक आम नहीं आया. चालाकी होती तो हम भी खाते."

वकीलसाहेब पोह्यांकडे बघायला लागले.

साहेब हुशार होते. त्यांना ना महापुरुषांशी देणंघेणं, ना वामनरावांशी. पावसाळ्याच्या आत चौराहा मोकळा हवा होता. त्यांनी कागद पुढे सरकवला. "जो कहा है, लिख के दे दीजिए." मी लिहिलं. शुद्ध हिंदीत, माझ्या नावासकट, की सदर पुतळा माझ्या अज्ञानामुळे आणि अहंकारामुळे दुसऱ्याच व्यक्तीचा झाला आहे. अहंकार शब्दावर साहेबांनी वर बघितलं. म्हणाले, "ये ज़रूरी नहीं है, माताजी."

"यही ज़रूरी है," मी म्हटलं.

पुतळा महापुरुषांचा नाही म्हटल्यावर तो कुणालाच नको होता. जयवाल्यांना त्याचा मान उरला नाही, हायहायवाल्यांना त्याचा राग उरला नाही. साहेबांनी 'परिवार को सौंपा जाए' लिहून सही केली. निघताना मला एक शंका आली. मी भैयाजींना विचारलं, नवा वीस फुटी कशावरून करताय? जयपूरला होत होता, माझ्याच पुतळ्याचे फोटो पाठवून. कुमुदचा चेहरा उतरला. भैयाजींनी मोबाइलवर नमुना दाखवला. आम्ही दोघींनी चष्मे लावून बघितला. ते ना महापुरुष होते ना वामनराव. गाल भरलेले, मिश्या ऐटदार. जयपूरच्या कारागिराचे कुणी काका असावेत.

"भैयाजी," मी म्हटलं, "अब भी समय है. असली फोटो भेज दीजिए."

त्यांनी विचार केला. खरोखर केला. मग म्हणाले, "रहने दीजिए, माताजी. असली लगाएँगे तो लोग पहचानेंगे नहीं."

आठवड्यानं पुतळा उतरला. जयजयकार नव्हता, घोषणा नव्हत्या, वाहतूक अडली म्हणून एक टेंपोवाला तेवढा हॉर्न देत होता. गोधडीत गुंडाळून लोडिंग रिक्षात ठेवला आणि कुमुद पुढे बसली. मी मागून दुसऱ्या रिक्षात. तिच्या अंगणात आम्ही दोघींनी तो थिनरनं घासला आणि नळाखाली धुतला. उरलेली शाई निघाली तसा ब्राँझचा रंगही निघाला, आप्पांनी जाड केलेल्या भुवया निघाल्या, आणि खालून साधं राखाडी सिमेंट वर आलं. काम वाईट नव्हतं. हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. अहंकार काही लेखी दिला म्हणून जात नाही. पण त्या चेहऱ्याकडे बघून मी शेवटी म्हणाले, जे मी तेविसाव्या वर्षी म्हणायला हवं होतं. हळूच म्हणाले. कुमुदनं नळ बंद केला नाही, त्यामुळे तिला ऐकू गेलं नसावं.

मानपत्रं मी भिंतीवरून उतरवली. नातसून विचारत होती, का? म्हटलं, रस्ता रुंद करतेय.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कुमुदचा फोन आला. गुडघ्यांची चौकशी झाली, भाजीचं बोलणं झालं. मग ती जे म्हणाली ते जसंच्या तसं लिहिते:

"वहिनी, आज दिवसभरात बाबांना कुणी जय म्हटलं नाही, कुणी शिवी दिली नाही. सकाळपासून नुसते कोपऱ्यात बसलेत, रिटायर झाल्यासारखे."